मुळांवरच्या गाठी आणि पाकिटावरचा ‘प्रतिकारक’ : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

गेल्या उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या माझ्या वीस गुंठे रानात टोमॅटोची झाडे भर दुपारी माना टाकू लागली, तेव्हा पाणी कमी पडत असेल असे समजून आम्ही ठिबक आणखी अर्धा तास चालवत राहिलो. शेवटी एक झाड उपटले, तर मुळ्या आल्याच्या कांड्यांसारख्या गाठाळलेल्या. हरभऱ्याच्या मुळावरची गाठ अंगठ्याने सहज निघते. ही निघत नाही, कारण तो मुळाचाच फुगलेला भाग असतो. हे काम सूत्रकृमीचे, म्हणजे मातीत राहून मुळांत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमीचे. तो आमच्या भागाला नवा नाही. परंतु बियाण्याच्या पाकिटावर ‘सूत्रकृमी प्रतिकारक’ असे छापलेले होते, आणि त्या दोन शब्दांसाठी आम्ही जादा पैसे मोजले होते.

टोमॅटोतील ही प्रतिकारशक्ती मुख्यत्वे ‘एमआय’ या एकाच जनुकावर उभी आहे. १९४० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतल्या रानटी टोमॅटोशी संकर करून ते मिळवले गेले. सूत्रकृमी जेथे तोंड लावतो तेथल्या पेशी झाड स्वतःच मारून टाकते आणि कृमीची उपासमार होते. मात्र जमीन साधारण २८ अंशांच्या वर तापली की ही व्यवस्था ढिली पडते. माझ्या रानात एप्रिलच्या दुपारी चार बोटे खोल रोवलेल्या तापमापकाने ३३ दाखवले. शिवाय त्याच रानात तेच वाण पुन्हापुन्हा घेतले, की त्यावर तगणारे कृमीच मागे उरतात. मादीला नराची गरज नसते, ती शेकडो अंडी घालते आणि उष्ण जमिनीत महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. पेरूच्या बागांत भारतात आढळलेली ‘एन्टरोलोबी’ ही सूत्रकृमीची प्रजाती तर या जनुकाला मुळातच जुमानत नाही, आणि ती रोपांच्या मुळांतून गावोगाव जाऊ शकते.

जमीन आरोग्य पत्रिकेवर सामू, नत्र, स्फुरद, पालाश धरून १२ घटक असतात. सूत्रकृमीचा रकाना नाही. फोरेट या जहाल कीटकनाशकाचा वापर बंद झाला, ते योग्यच झाले. निंबोळी पेंड, झेंडूचा फेरपालट, उन्हाळी नांगरट हे आम्ही करतोच. पण कोणत्या प्रजातीशी गाठ आहे हे न कळता करतो, आणि फेरपालटाचे पीक निवडताना नेमके तेच कळायला हवे असते.

म्हणून विनंती अशी, की प्रतिकारक म्हणून विकल्या जाणाऱ्या वाणाच्या पाकिटावर कोणत्या प्रजातीविरुद्ध आणि किती तापमानापर्यंत, हे छापणे बंधनकारक करावे. रोपवाटिकेतील रोपांची मुळे विक्रीपूर्वी तपासली जावीत. आणि तालुक्याच्या ठिकाणी मुळांचा व मातीचा नमुना देऊन प्रजातीचे नाव मिळण्याची सोय व्हावी. माझी पुढची लागवड जानेवारीत आहे. नमुना कोठे पाठवावा, एवढे त्याआधी कळवावे.

आपला,
शिरोळ तालुक्यातील एक भाजीपाला उत्पादक, जि. कोल्हापूर