भाऊसाहेब, तुम्ही वाचून दाखवलंत

आदरणीय भाऊसाहेब,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव चारचौघांत घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून घेत नाही. राहुरी तालुक्यात निवृत्त तलाठी काही कमी नाहीत. त्यातले तुम्ही कोणते, हे ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

के. के. रेंजच्या, म्हणजे फौजेच्या गोळीबार-सरावाच्या क्षेत्राच्या, विस्ताराचं भूत आमच्या मानगुटीवर बसलं त्याला कैक वर्षं झाली. नगर, राहुरी, पारनेर मिळून 23 गावं त्यात आहेत. खारे-कर्जुन्याच्या माळावर रणगाड्यांचा सराव चालतो, त्याच्या हादऱ्यांवरच आम्ही लहानाचे मोठे झालो. सरावाला आमची ना कधीच नव्हती. आमच्याच वस्त्यांवरची पोरं फौजेत आहेत, सुट्टीवर आली की तीही मोर्चात मागे उभी राहतात, फक्त फोटोत येत नाहीत. आमचं म्हणणं साधं आहे. मुळा धरणाला जमिनी गेल्या, मग कृषी विद्यापीठाला गेल्या. आता जो तुकडा हाती उरला, त्यावरही नकाशात रेघ पडणार असेल तर आम्ही जायचं कुठं?

हे ऐकून घ्यायला येणाऱ्यांना तोटा नव्हता. निवडणूक जवळ आली की गाड्यांची रांग लागायची. “एक इंचही जमीन जाऊ देणार नाही,” म्हणून माइक फुटेस्तोवर ओरडून झालं. 2020 मध्ये विषय पार दिल्लीला, संरक्षणमंत्र्यांपर्यंत गेला, तेव्हा तर श्रेय घ्यायला इतके पुढे आले की फ्लेक्सवर जागा पुरेना. पण अधिसूचना म्हणजे काय आणि संपादन म्हणजे काय, एवढं मात्र एकानेही सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही माहीत नसावं. कचेरीत विचारावं तर “वरून आलंय.” बँकेत जावं तर “तुमचा गट रेंजमध्ये येतो म्हणे, पाइपलाइनचं जरा थांबा.” कोण म्हणतं, कुठल्या कागदावर म्हणतं, ते कुणी दाखवायचं नाही.

तुम्ही आलात ते पिशवीत कागद घेऊन. पारावर बसलात आणि आम्हाला पहिल्यांदा नीट कळलं, की 1938 च्या कायद्याखाली गोळीबाराच्या सरावासाठी क्षेत्र अधिसूचित झालं तरी जमीन आपल्याच नावावर राहते. सरावापुरतं बाहेर जावं लागतं, पिकाचं-घराचं नुकसान झालं तर भरपाई मागता येते. जमीन कायमची घ्यायची तर 2013 चा भूसंपादन कायदा लागतो, आणि तो मार्ग निराळा. कुणीतरी विचारलं, अधिसूचना एकदा निघाली की संपलंच ना सगळं? तेव्हा तुम्ही झारखंडमधल्या नेतरहाटचं सांगितलंत. तिथेही हाच कायदा. 1994 साली आदिवासींनी फौजेच्या गाड्या रस्त्यात अडवल्या, आणि 2022 मध्ये तिथल्या सरकारने सरावाच्या अधिसूचनेला पुढची मुदतवाढ द्यायची नाही असं ठरवलं. पारावरची माणसं त्या दिवशी घरी गेली ती जरा ताठ मानेनं.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. कायदा वकीलही सांगतो, पैसे घेऊन का होईना.

हरकतींचे अर्ज भरायला तुम्ही आमच्या ओट्यावर बसला होतात. छापील नमुना होता. नाव, गट नंबर, क्षेत्र भरायचं की झालं. आजीची पाळी आली. तिला तुम्ही विचारलंत, “आई, तुमचं काय म्हणणं आहे?” आम्ही घरचे चपापलोच. आजीला कोण विचारतं? ती म्हणाली, “येकदा उठलो बाबा. धरणात घर गेलं, चूल गेली, म्हसोबा बी गेला. आता न्हाई उठायचं.” तुम्ही छापील कागद बाजूला सारलात, कोरा घेतलात आणि ती म्हणाली तसंच्या तसं लिहिलंत. ‘म्हसोबा बी’सुद्धा. मग शाईचा पॅड पुढे आला, आजीने सवयीनं अंगठा पुढे केला, आणि तुम्ही तो हात हलकेच थांबवलात. “थांबा आई, आधी ऐका काय लिहिलंय.” पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलंत. वाचून पुन्हा विचारलंत, “बरोबर आहे का? काही राहिलं?”

आजी रडली, ते तुम्हाला वाटलं गाव आठवलं म्हणून. रात्री तिनं आम्हाला सांगितलं. धरणाच्या वेळी तिच्या सासऱ्यांचे अंगठे घेतले होते, कागदांच्या थप्पीवर, उभ्या उभ्या. त्यात काय आहे विचारलं तर साहेब म्हणाला, तुला काय कळतंय. म्हातारा मरेपर्यंत त्याच कागदांबद्दल बोलत राहिला, की मी कशावर अंगठा दिला रे? कुणालाच सांगता येईना.

भाऊसाहेब, असं वाचून दाखवायला जीआर लागत नाही, निधी लागत नाही. पाच मिनिटं लागतात. तेवढी ज्याच्यापाशी निघतात, तो माणूस खुर्चीत असो की निवृत्त, त्याच्यासमोर बोलताना आवाज चढवावा लागत नाही, हात जोडावे लागत नाहीत. असे दोन-चार जण आधी भेटले असते तर निम्मे मोर्चे काढावेच लागले नसते. बाकीचे काढलेच असते म्हणा!

विषय मिटलाय असं आम्ही समजत नाही. माळावर धडाका झाला की अजूनही सगळ्यांचे कान तिकडे जातात, न फुटलेल्या गोळ्याचं भंगार वेचताना गेलेल्यांची नावं निघतात, मग कुणीतरी विषय बदलतं. हरकतीच्या अर्जाची पोच मात्र आजीने सातबाऱ्याच्या पिशवीत, सगळ्यात वर ठेवली आहे.

आणि एक तक्रार. तुम्ही तिला भलतीच सवय लावून गेलात. आता घरात आलेला कुठलाही कागद ती वाचल्याशिवाय हलू देत नाही. परवा दूध डेअरीच्या पोराला दहा दिवसांचं बिल मोठ्यानं वाचायला लावलं, तर एका सांजचं दूध मांडायचंच राहिलेलं निघालं. पोरगं तुमच्या नावानं बोटं मोडतंय.

कांदा निघाला की एक गोणी पाठवते. फी नव्हे, परत पाठवू नका.

आपली,
अंगठा देणाऱ्या आजीची नात

(हे पत्रही पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलंय. ‘भूत’ काढून टाक म्हणाली, मी ठेवलं.)