कायमचा परवाना म्हणजे किती वर्षांचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या उद्योग पुरवणीत लघुउद्योगांनी कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचं, सॉफ्टवेअर वर्गणीवरच घ्यावं, असा सल्ला वाचला. म्हणे एकदम मोठी रक्कम अडकत नाही आणि नवी आवृत्ती आपोआप मिळते. लेखकमहोदयांनी वर्कशॉप पाहिलं असेलच, पण बहुधा उद्घाटनाच्या दिवशी.

आमचा धंदा कास्टिंगच्या पॅटर्नचा, म्हणजे ज्याच्याभोवती ओतकामाचा साचा करतात त्या नमुन्याचा. 2011 साली कर्ज काढून एका कंपनीचं थ्री-डी सॉफ्टवेअर घेतलं. बिलावर ‘कायमस्वरूपी परवाना’ असं छापलेलं आहे, बिल अजून जपून ठेवलंय. गेल्या पावसाळ्यात त्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. दुसऱ्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकायचं तर कंपनीकडून ते चालू करून घ्यावं लागतं, म्हणजे ॲक्टिव्हेशन, आणि कंपनीचं म्हणणं, इतक्या जुन्या आवृत्तीला ॲक्टिव्हेशन देणं आम्ही बंद केलंय. परवाना कायमचाच आहे हं, फक्त चालत नाही! डीलरकडच्या मुलाने फोनवर फार अदबीने सांगितलं, “सर, वर्षाची वर्गणी भरा, जुन्या फायली लगेच उघडतील.” आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी परत भरायची. घर त्यांचं, भाडं मागावं. पण इथे भाडं थकलं की आमचीच भांडीकुंडी आत अडकतात.

नेमकं तेव्हाच एका जुन्या गिऱ्हाइकाला पंपाचं केसिंग पुन्हा हवं होतं. लाकडी पॅटर्न वाळवीने खाल्लेला. ड्रॉइंग डिस्कवर होतं, डिस्क शाबूत होती, आणि आम्ही त्यांच्याकडून वापरलेलं कास्टिंग आणून व्हर्नियरने मापं घेत बसलो. आतलं वळण पत्र्याचे गेज कापून जुळवलं. झिजलेल्या जागी मूळ माप किती होतं, यावर माझी आणि मिस्त्रींची चांगलीच जुंपली. ही डिजिटल क्रांती.

लेखात एक ओळ आहे, ‘स्टेप फाइल करून ठेवावी, म्हणजे प्रश्न मिटतो’. मिटतो कसला! स्टेप म्हणजे एका कॅडमधला आकार दुसऱ्या कॅडमध्ये नेण्यासाठीच्या फाइलचं आयएसओ 10303 हे आंतरराष्ट्रीय प्रमाण, 1994 पासूनचं, चांगलंच आहे, मीही गिऱ्हाइकांकडे तेच मागतो. पण त्यात तयार आकार येतो, तो कुठल्या क्रमाने आणि कुठल्या मापांनी बांधला ते सहसा येत नाही. बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. ते धरून पॅटर्न मोठा करायचा, साच्यातून निघावा म्हणून भिंतींना ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, द्यायचा, मशिनिंगला मटेरियल ठेवायचं. मूळ फायलीत हे आकडा बदलून होतं. स्टेपमध्ये हातात नुसता गोळा येतो, ड्राफ्ट बदलायचा तर एकेक भिंत धरून बसा. आणि स्टेप करायलाही आधी ते सॉफ्टवेअर उघडावं लागतं, हे लेखकाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

वर्गणीला त्यांनी ‘जागतिक कल’ म्हटलंय. कल आपोआप येत नसतो. ऑटोकॅड हे कॅड सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने 2016 मध्ये कायमचे परवाने विकणंच थांबवलं, मग गिऱ्हाईक जाणार कुठे? याच ऑटोडेस्कने 1982 मध्ये ऑटोकॅडबरोबर डीएक्सएफ हे ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीचं फाइल-स्वरूप आणलं, त्याची रचना जाहीर केली. म्हणजे खुलं कसं ठेवायचं ते ठाऊक होतं. डीडब्ल्यूजी हे ऑटोकॅडचं स्वतःचं फाइल-स्वरूप मात्र झाकून ठेवलं. ते वाचता यावं म्हणून 1998 मध्ये इतर कंपन्यांना एकत्र येऊन स्वतंत्र संस्था काढावी लागली. ‘डीडब्ल्यूजी’ या तीन अक्षरांचा ट्रेडमार्क मागायलाही कंपनी गेली होती, अमेरिकेच्या कार्यालयाने तो नाकारला. यातलं अक्षरही लेखात नाही.

फ्रीकॅड या फुकट, खुल्या कॅड सॉफ्टवेअरला ‘हौशी लोकांचं खेळणं’ म्हटलंय, त्याचा राग आला. पूर्वी त्यात मागचं एक भोक सरकवलं की पुढचं सगळं कोसळायचं, हे खरं. नोव्हेंबर 2024 च्या 1.0 आवृत्तीत ते बरंच निस्तरलंय. त्याची फाइल म्हणजे साधी झिप असते, उघडून आतला मजकूर कुणालाही पाहता येतो. नवीन कामं आम्ही त्यावरच करतो. मोठ्या सर्फेसला ते अजून दमतं, पण निदान उद्या कुणाच्या परवानगीवाचून उघडेल.

केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी 2010 मध्येच खुल्या, म्हणजे कुणा एका कंपनीच्या मुठीत नसलेल्या, प्रमाणांचं धोरण केलंय. तरी परवा एका सरकारी निविदेत ड्रॉइंग ‘फक्त डीडब्ल्यूजीमध्ये’ मागितलंय, तेही ठरावीक आवृत्तीतच. तुमच्या बातमीदाराने यावर कधीतरी लिहावं.

जाता जाता. हा लेख पुण्याच्या भाच्याला पाठवावा म्हणून तुमच्या ई-पेपरवर शोधला, तर तिथे वेगळी वर्गणी मागतात. घरी अंक रोज येतो, पेपरवाल्याचं बिल दर महिन्याला न चुकता चुकतं करतो. तेवढ्यात एक लेख वाचू देता येईल का, ते कृपया कळवावं.

आपला,
एक पॅटर्नवाला, उद्यमनगर, कोल्हापूर