रडता रडता श्वास कोंडला तर: वॉर्डातल्या सिस्टरना पत्र

सिस्टर, नमस्कार.

हृदयाचं ऑपरेशन झालेलं लेकरू घरी नेताना आईबाप औषधं, टाके, आंघोळ सगळं विचारून घेतात. रडता रडता ते निळं पडलं तर काय, हे विचारायचं सुचत नाही. तुम्ही न विचारता शिकवलंत, म्हणून मनापासून आभार.

आधी काय झालं ते बघा, हे तुमचं पहिलं सांगणं. खेळणं काढून घेतलं, मूल किंचाळलं, श्वास बाहेर सोडून तिथंच थांबलं, मग ओठ निळे आणि अंग सैल: हा बहुतेक कोंडलेला श्वास. मिनिटाच्या आत आपोआप सुटतो. काही मुलं आपटल्यावर किंवा दचकून पांढरीफटक पडतात, कारण ठोके क्षणभर मंदावतात. हा हट्ट नव्हे. घरातल्या मोठ्यांना मात्र ते पटता पटत नाही.

धापा टाकत निळेपणा वाढतोय, तर ते हृदयाचं. टेट्रालॉजीत, म्हणजे हृदयात जन्मतः चार दोष असलेल्या आजारात, फक्त शंट (फुप्फुसाकडे जादा रक्त नेणारी नळी) घातला असेल, पूर्ण दुरुस्ती बाकी असेल, तर गुडघे छातीशी दाबून धरायचे आणि दवाखाना गाठायचा.

घाबरून आपण काखेत हात घालून उचलतो, तेच चुकतं. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. एक हात मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली, हे तुम्ही उशी घेऊन दाखवलंत. खांद्यावर उभं धरायचं नाही, सपाट कुशीवर निजवायचं; मेंदूकडे रक्त जातं. घड्याळ बघायचं. गदागदा हलवणं नको, तोंडात पाणी नको, कांदा-चप्पल तर नकोच.

लोहाचं तुम्ही सांगितलंत ते इतर कुणी सांगत नाही. शरीरात लोह कमी असलं की हे झटके वाढतात. निळ्या हृदयरोगात, म्हणजे ज्यात रक्तात ऑक्सिजन कमी पडून अंग निळसर दिसतं, हिमोग्लोबिन मुळातच चढं असतं, त्यामुळे ‘नॉर्मल’ आकडा फसवतो. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, बघावं लागतं. सिरपचा डोस बाटलीवरच्या एलिमेंटल (म्हणजे प्रत्यक्ष) लोहाच्या मिलिग्रॅमवरून डॉक्टरांनीच ठरवायचा. सिरप दुधासोबत द्यायचं नाही. शी काळी झाली तर घाबरायचं नाही.

आणि तुमची सक्त ताकीद: ऑपरेशननंतरचा पहिला झटका ‘नुसतं रडणं’ म्हणून सोडायचा नाही. हृदयातलं भोक बुजवताना ठोक्यांच्या विद्युत संदेशाची वाट दुखावू शकते, म्हणून आधी ईसीजी. न रडता, झोपेत किंवा पळताना शुद्ध गेली तर त्याच दिवशी दाखवायचं. मिनिटभरात श्वास परतला नाही तर 108 ला फोन आणि लगेच सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं). जवळ दुसरं कुणी असेल तर त्याने झटक्याचा व्हिडिओ काढून ठेवायचा, डॉक्टरांना दाखवायला.

तुमचे,
हृदयाच्या वॉर्डातल्या मुलांचे आईबाप