हजेरीपत्रकावरचे नेमके ३५ तास

प्रति,
मा. केंद्रीय अर्थ व कॉर्पोरेट व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

महोदया,

मी पुण्यातल्या एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी लागणारं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, करते. जानेवारी २०२४ मध्ये लागले, जानेवारी २०२६ अखेर दोन वर्षे पुरी होतील. तक्रार कामाबद्दल नाही. काम मला आवडतं. गोदामात पोती मोजताना आणि बँकेच्या शाखेत थकलेली कर्जखाती उलगडताना जे शिकले, ते कुठल्या क्लासने शिकवलं नसतं. माझं म्हणणं एका वहीबद्दल आहे.

आमच्या ऑफिसात आर्टिकल्सचं हजेरीपत्रक आहे. त्यात माझी वेळ रोज साडेदहा ते पाच, मधे चाळीस मिनिटं जेवण. सहा दिवसांचे बरोबर ३५ तास होतात. एक मिनिट कमी नाही, एक जास्त नाही. कारण चार्टर्ड अकाउंटंट्स विनियम, १९८८ मधल्या ६० व्या विनियमात आठवड्याला ३५ तास लिहिलेत. सह्या आम्ही शनिवारी करतो, सहाही दिवसांच्या, एका बैठकीत, एकाच पेनने. एखाद्या क्लायंटच्या किरकोळ खर्चाच्या वहीत असा प्रकार दिसला असता तर आम्हीच लाल खूण करून सीनियरला हाक मारली असती. दर आठवड्याला जुळणारा गोल आकडा आणि एका शाईच्या सह्या बघून संशय घ्यायचा, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं जातं.

खऱ्या तासांची माझी दुसरी वही माझ्याकडे आहे. १५ ते २० सप्टेंबर २०२५, सोमवार ते शनिवार: ६९ तास. रविवारी बोलावलं ते धरलेलं नाही.

२०२५ चा सीझन तर संपेचना. टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत आधी ३१ ऑक्टोबर झाली, मग १० नोव्हेंबर. मुदतवाढीची बातमी आली की व्यापारी सुटकेचा श्वास टाकतात, सल्लागार आपले आभार मानतात आणि आर्टिकल्सच्या ग्रुपवर कोणीतरी रडका चेहरा टाकतं. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. मी २० ला रात्रीच्या एसटीने इचलकरंजीला गेले, २२ ला पाडव्याची ओवाळणी उरकून परत फिरले. मुदत वाढवायलाच नको होती असं मी म्हणत नाही. वाढलेला महिना कोणाच्या अंगावरून गेला, एवढंच सांगतेय.

आता अभ्यास. आर्टिकलशिपच्या दोन वर्षांच्या नव्या योजनेत वर्षाला १२ रजा आहेत. फायनलची परीक्षा आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिन्यांनी द्यायची, म्हणून मधे फार रजा लागणार नाहीत, असा त्यामागचा हिशेब असावा. कागदावर तो बरोबर आहे. पण आमच्यातल्या बहुतेकांचं बी.कॉम. याच काळात चालू असतं. विद्यापीठाचे पेपर एप्रिलमध्ये, आणि बँकांच्या शाखांचं ऑडिटही एप्रिलमध्येच. माझ्या सहा रजा तिथेच गेल्या. शिवाय सीएंच्या संस्थेच्या (आयसीएआय) ऑनलाइन स्वयंअध्ययन परीक्षांचे चार संच आहेत. प्रत्येकात ५० टक्के मिळाल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. त्यातल्या कायद्याच्या संचाचा अभ्यास मी रात्री अकरानंतर कॉटवर बसून केला, रूममेटच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून मोबाइलच्या टॉर्चवर. संस्थेचं बोधवाक्य कठोपनिषदातलं आहे, 'य एष सुप्तेषु जागर्ति': सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. ऋषींना आर्टिकल अभिप्रेत नसावा.

स्टायपेंडबद्दल मी फार लिहीत नाही. पहिल्या वर्षी मला सहा हजार मिळायचे. त्यातले साडेचार कॉटच्या भाड्याला जायचे, डब्याचे पैसे वडील पाठवायचे. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना पाच हजार ठरवताना आपल्या सरकारला दर महिन्याचा खर्च दिसला होता, तेव्हा ४८ व्या विनियमातल्या स्टायपेंडच्या आकड्यांकडेही कधीतरी बघाल, एवढी आशा आहे. पण पैसे वाढले आणि वही तशीच राहिली, तर फार काही बदलणार नाही.

सरांची, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकते त्या प्रिन्सिपल सीएंची, बाजूही सांगायला हवी. ते स्वतः रात्री अकरापर्यंत बसतात. क्लायंट कागद २५ तारखेला आणून टाकतो, फी पुढच्या दिवाळीला देतो, आणि नेमकं शेवटच्या दिवशी पोर्टल गोल गोल फिरत बसतं. ते दुष्ट नाहीत. पण माझे तास ठरवणारे, ते प्रमाणित करणारे, आणि शेवटी फॉर्म १०८ वर सही करून मला मोकळं करणारे एकच. मधेच फर्म बदलायची झाली तरी फॉर्म १०९ वर सही त्यांचीच. पैसे हाताळणाऱ्याने वही लिहू नये, हा तर ऑडिटचा पहिला धडा. माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात दिवाणजी आहेत. तिथला कामगारही आठवड्याचा पगार उचलण्याआधी आपली हजेरी आणि विणलेल्या कापडाचे मीटर स्वतः वाचून घेतो, पटलं नाही तर तिथेच भांडतो. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तुझं काय शिकणं म्हणायचं?"

हे आपल्याला का लिहिते? संस्था स्वायत्त आहे, तिकडे जा, असं उत्तर येऊ शकतं. पण चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ आपल्या मंत्रालयाकडे आहे, विनियमांना केंद्र सरकारची मंजुरी लागते, आणि कलम ३०ए नुसार सरकार संस्थेला विनियम करायचे किंवा बदलायचे निर्देश देऊ शकतं.

मागणी छोटी आहे. आर्टिकलने रोजचे तास थेट संस्थेच्या पोर्टलवर स्वतः नोंदवावेत. प्रिन्सिपलला हरकत घेता यावी, खोडता येऊ नये. ३५ च्या वरचे तास रजेत आपोआप जमा व्हावेत, आणि सलग काही महिने नियम मोडलेला दिसला तर फॉर्म १०९ वरच्या सहीविना फर्म बदलता यावी. हे जमणार नाही असं संस्थेने म्हणू नये. खोट्या सह्यांचे दाखले फिरू लागले तेव्हा याच संस्थेने यूडीआयएन हा ओळख क्रमांक आणला, आणि २०१९ पासून प्रत्येक दाखल्याला १८ अंकी क्रमांक लागू लागला. सीएची सही खरी आहे का, हे आज कोणताही बँक मॅनेजर मिनिटभरात तपासतो.

सप्टेंबरच्या त्या आठवड्याची माझी वही मी जपून ठेवली आहे. मागितलीत तर पाठवीन, पण जानेवारीनंतर.

आपली,
एक आर्टिकल, पुणे
(नाव लिहीत नाही. फॉर्म १०८ वर सही व्हायची आहे.)