सुहासला पत्र: मायामीची तिकिटं काढण्याआधी

प्रिय सुहास,

जानेवारीत मुलीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला, तिथून मायामी आणि मग सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ, हा बेत वाचला. वहिनींनी बेटांची यादी करून प्रत्येकापुढे ‘काय पाहायचं’ असा रकाना पाडलाय, तेही वाचलं. तुमच्या आधीच्या बार्सिलोनाच्या क्रूझला तो रकाना शोभला. इथे तो निम्मा रिकामा राहील, आणि त्यात बेटांचा काही दोष नाही.

आधी नकाशा उघड. बार्सिलोना ते मार्से म्हणजे दोनेकशे सागरी मैल. संध्याकाळी सहाला सुटलेली बोट सकाळी आठला धक्क्याला लागते, म्हणून तुम्हाला जवळजवळ रोज नवं गाव मिळालं. मायामी ते कॅरिबियनमधलं सेंट थॉमस बेट मात्र हजाराच्या आसपास. ताशी २० मैलांनी म्हटलं तरी ५० तास झाले. म्हणून इथे सात रात्रींत साधारण तीन-चार बंदरं, त्यातही एखादं कंपनीचं खासगी बेट, आणि दोन-तीन दिवस नुसतं पाणी. ‘एवढे पैसे भरून तीनच गावं?’ असं वहिनी विचारणार. तर हे अंतराचं गणित आहे, कंपनीचा चिक्कूपणा नव्हे.

यातूनच पुढचं सगळं निघतं. युरोपात बोट म्हणजे रात्री पाठ टेकायची खोली, म्हणून आपण आधी मार्ग बघतो आणि मग बोट. इथे बोट हेच मुक्कामाचं गाव, म्हणून आधी बोट बघ. ‘आयकॉन ऑफ द सीज’सारखं २० मजल्यांचं, खोलीत दोघे धरले तरी ५,६१० माणसांचं जहाज कॅरिबियनला असतं ते याच कारणाने: लोक दिवसच्या दिवस त्यावर काढतात. नातवंडं बरोबर असतील तर अशी बोट उत्तम. तुम्ही दोघंच असाल तर अडीच-तीन हजार माणसांच्या आतली, घसरगुंड्या नसलेली बोट घे. नाहीतर समुद्रातल्या दिवशी सकाळी नऊलाच पोहायच्या तलावाकाठच्या सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल पडलेले दिसतील, माणूस एकावरही नसेल. बाल्कनीवर मात्र इथे पैसे घालायला हरकत नाही. युरोपात दिवसभर बाहेर असताना ती वाया जाते, इथे रोज वापराल. केबिन खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर माग. जानेवारीत ईशान्येचे वारे जोरात असतात, वरच्या मजल्यांना आणि दोन्ही टोकांना हेलकावे जास्त. वहिनींना उलटीचा त्रास असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायला हवी. मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही.

आता बंदरं. नेपल्सला धक्क्यावरून चालत गावात शिरता येतं, तसं इथे क्वचितच. शिडी उतरलात की पहिल्यांदा दिसतील हिऱ्यांची, घड्याळांची, दारूची दुकानं, आणि पुढच्या बेटावर बहुधा त्याच नावांची. मेक्सिकोतलं कोस्टा माया हे बंदर तर पर्यटक-बोटींसाठीच बांधलेलं आहे. गाव म्हणून बघण्यासारखी दोन नावं सांगतो. एक प्वेर्तो रिकोची राजधानी सॅन हुआन: धक्क्यावरून चढण चढत वीस-पंचवीस मिनिटांत एल मोरो किल्ला, स्पॅनिशांनी १५३९ मध्ये बांधायला घेतलेला. पण वेळ तपास. पुष्कळ बोटी तिथे दुपारी उशिरा लागतात आणि किल्ला संध्याकाळी बंद होतो. मग राहतात निळसर फरसबंदी गल्ल्या आणि आईस्क्रीम. दुसरं क्युरासाव बेटावरचं विलेमस्टाड. डच रंगीत घरांची ओळ, होड्यांवर तरंगणारा पूल, १९९७ पासून जागतिक वारसा यादीत. ते दक्षिणेच्या मार्गावर येतं, मायामीच्या सात रात्रींत सहसा बसत नाही.

खरं सांगू? तुमची आवड बघता मायामी सोडा आणि सॅन हुआनहून सुटणारी दक्षिणेची क्रूझ घ्या. तिथे बेटं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे युरोपसारखं रोज एक बंदर मिळतं. प्वेर्तो रिको अमेरिकेचाच भाग, म्हणजे न्यू जर्सीहून विमान देशांतर्गत आणि तिथवर जायला वेगळ्या व्हिसाची भानगड नाही. आणि मुलीच्या घराजवळ बेयोनहून बोट सुटते म्हणून ती घेण्याचा मोह आवर. जानेवारीत त्या बोटीचे पहिले दोन दिवस आणि शेवटचे दोन दिवस थंडगार, खवळलेल्या अटलांटिकमध्ये जातात. वरचा तलाव नुसता बघायचा.

मायामीच ठरलं आणि पश्चिमेचा मार्ग असेल तर मेक्सिकोचं कोसुमेल येणारच. तिथून तुलुमचे माया अवशेष बघायचा बेत जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि तिथेच फसतो. कोसुमेल बेट आहे, तुलुम मुख्य भूमीवर. फेरीने प्लाया देल कारमेनला पाऊणएक तास, पुढे बसने तास, आणि तेवढंच परत. रांगा धरून चार तास प्रवासात जातात, अवशेषांपुढे दीड-दोन तास उरतात, तेही टळटळीत उन्हात. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की फेरी बंदही ठेवतात. त्यापेक्षा बेटावरच सान हेर्वासिओचे छोटे अवशेष बघा आणि उरलेला वेळ प्रवाळावर पोहा. कोसुमेल त्यासाठीच आहे.

ग्रँड केमनला मोठ्या बोटींना धक्काच नाही. बोट बाहेर नांगर टाकते आणि छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. लाटा वाढल्या की कॅप्टन बंदर वगळतो. अशा वेळी त्या बंदराचा कर आणि बोटीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात, क्रूझच्या भाड्यातलं काही नाही. बाहेरच्या माणसाकडून सहल ठरवलीस तर ‘बोट आलीच नाही तर पैसे परत’ हे लेखी घे. घड्याळाचंही ध्यानात ठेव. जानेवारीत कोसुमेल आणि मायामीची वेळ एकच, सेंट थॉमस तासभर पुढे, होंडुरासचं रोआतान तासभर मागे. काही बोटी आपली वेळ बदलतात, काही नाही, आणि फोन मात्र परस्पर बेटाची वेळ पकडतो. मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लाव आणि चढायची वेळ त्यावरच बघ. बाहेरच्या सहलीत उशीर झाला तर बोट थांबत नाही.

व्हिसा: अमेरिकेचा बहुप्रवेशी असावाच, कारण मायामीला परतणं म्हणजे नव्याने प्रवेश. जन्मदाखल्यावर क्रूझ करता येते असं कोणी सांगेल, ते अमेरिकी नागरिकांपुरतं आहे. प्रत्येक बेट वेगळा देश किंवा वेगळी वसाहत, म्हणून भारतीय पासपोर्टला कुठे काय लागतं ते कंपनीकडून लेखी मागव; कागद कमी पडला तर मायामीतच चढू देत नाहीत. मार्टिनिक फ्रान्सचं आहे खरं, पण युरोपच्या सामाईक शेंगेन व्हिसात मोडत नाही.

खाण्याचं युरोपइतकं अवघड जाणार नाही. जेवणाच्या टेबलावर पाणी फुकट, युरोपीय कंपन्यांसारखं बाटलीचं बिल नाही. पहिल्या रात्रीच मुख्य वाढप्याला गाठून ‘उद्यापासून भारतीय शाकाहारी’ असं सांग, म्हणजे स्वयंपाकघर आदल्या दिवशी तयारी करतं. वाढप्यांत, आचाऱ्यांत गोंयकार भेटण्याची शक्यता चांगली असते. वहिनींनी त्यांच्याशी मालवणीत चार शब्द बोलले की आमटीला आपोआप फोडणी बसेल. बेटांवर मात्र ‘राइस अँड पीज’ (कडधान्याचा भात) मांसाच्या रश्श्यात शिजवलेलं नाही ना, ते विचारूनच घ्या. टिप माणशी रोज १६ ते २० डॉलर खात्यात आपोआप लागते, ती आधीच खर्चात धर.

सामानात दोन गोष्टी. सेंट थॉमसला ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनला २०२० पासून बंदी आहे, तेव्हा झिंकवालं घ्या. आणि तुझी ती लष्करी ठिपक्यांची अर्धी चड्डी घरी ठेव. बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया इथे सामान्य माणसाने तसे कपडे घालणं गुन्हा आहे.

आता वहिनींना सांग, रकान्याचं नाव बदलून ‘पाण्यात काय करायचं’ असं लिही. पोहता येत नसलं तरी फुगवायचं जाकीट मिळतं, मासे वरूनही दिसतात. पण पाण्यात बघायच्या मुखवट्याच्या आत चष्मा बसत नाही. तुझा नंबर उणे चारच्या आसपास आहे ना? नंबरचा मुखवटा इथूनच घेऊन जा, तिथे भाड्याने मिळेलच असं नाही.

तुझा,
अविनाश