ताई, टेक्सासचं कार्ड आलं आणि कामही लागलं!

प्रिय ताई,

टेक्सासमध्ये पॅरामेडिकचं कार्ड आणि नोकरी मिळवायला तुम्ही जी मदत केलीत त्यासाठी फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, पुढे बोल" म्हणून विषय बदलता, म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितेय, बघू कसा बदलता ते.

वाचणाऱ्यांना थोडं सांगते. मी न्यू जर्सीत पॅरामेडिक होते, म्हणजे तातडीच्या पेशंटकडे जाऊन जागेवरच औषधं, प्रोसिजर करणारी. आधी एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर मिळणारा डिपेंडंट व्हिसा) घरी बसून कंटाळा आला म्हणून गावातल्या फर्स्ट एड स्क्वाडमध्ये व्हॉलंटियर म्हणून गेले, ईएमटी (ॲम्ब्युलन्सवर प्राथमिक उपचार करणारी, पॅरामेडिकच्या आधीची पायरी) झाले, मग वर्क परमिट आल्यावर पॅरामेडिकचा कोर्स, असं करत करत. आमच्या मराठी ग्रुपमध्ये सगळे आयटीवाले, त्यामुळे "म्हणजे नर्स का?" हा प्रश्न प्रत्येक गणपतीला ठरलेला. नंतर नवऱ्याची नोकरी ऑस्टिनच्या बाजूला गेली आणि माझ्या डोक्याला भुंगा लागला, की आता माझं काय. जो तो म्हणायचा अगं ड्रायव्हिंग लायसन्ससारखं बदलून मिळत असेल. माझ्या एका पार्टनरचं म्हणणं, आता ती कॉम्पॅक्टची (राज्यांनी एकमेकांचं लायसन्स मानायचा करार) सोय झालीये, काही करायलाच नको. मंडळातल्या एका काकूंनी तुमचा नंबर दिला तेव्हा मी खरं तर पाच मिनिटांचं काम म्हणून फोन लावला होता.

तुम्ही पहिलं काय विचारलंत ते लक्षात आहे. हाय नाही, हॅलो नाही. "नॅशनल रजिस्ट्री चालू आहे का गं?" चालू होती, ते देशपातळीवरच्या परीक्षेचं सर्टिफिकेट. दर दोन वर्षांनी साठ तासांचं शिक्षण दाखवून ३१ मार्चच्या आत रिन्यू करत आलेले, आमच्याकडे पुष्कळजण ते सोडून देतात, राज्याचं कार्ड आहे ना मग कशाला पैसे घालवायचे म्हणून. "मग अर्धं काम झालंय, आता रडू नकोस." (मी रडत नव्हते ताई, सर्दी झाली होती.)

मग तुम्ही जे समजावलंत ते आजवर मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. रजिस्ट्री ओहायोतल्या कोलंबसला बसते, ती फक्त सांगते की परीक्षेपुरतं तुला काम येतं. काम करायची परवानगी राज्य देतं. आणि टेक्सासमध्ये त्याच्याही पुढे सर्व्हिसचा मेडिकल डायरेक्टर असतो, तो डॉक्टर ठरवतो की त्याच्या भरवशावर तू कुठली औषधं द्यायची, कुठल्या प्रोसिजर करायच्या. म्हणजे राज्याचं कार्ड हातात आलं तरी त्या डॉक्टरने हो म्हणेपर्यंत तू कोणी नाहीस. कॉम्पॅक्टचं तर तुम्ही एका वाक्यात निकालात काढलंत. कोलोरॅडोने २०१५ मध्ये सुरुवात केली, टेक्सासही त्यात आहे, पण मी निघाले तेव्हा न्यू जर्सी त्यात नव्हतं, आणि असतं तरी घरच हलवलं की नव्या राज्याचं स्वतःचं कार्ड काढावंच लागतं, ती सोय इकडून तिकडे कामापुरतं जाणाऱ्यांसाठी. तो नाद सोड, म्हणालात. सोडला.

अर्ज, फिंगरप्रिंट्स, बॅकग्राउंड चेक, हे सगळं तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, कंटाळवाणं आहे आणि होतं. पण डिग्रीचं मात्र सांगायलाच हवं. टेक्सासमध्ये साधा सर्टिफाइड पॅरामेडिक वेगळा आणि लायसन्स्ड पॅरामेडिक वेगळा, आणि लायसन्स्डसाठी ईएमएसमधली (ॲम्ब्युलन्स सेवेच्या कामातली) असोसिएट डिग्री किंवा मग कुठल्याही विषयातली बॅचलर्स चालते. कुठल्याही! तुम्ही सहज विचारलंत, "पुण्यात काय केलंस तू?" मी म्हटलं बीएस्सी मायक्रो. "मग ते इव्हॅल्युएट करून घे की." ज्या डिग्रीला आमच्या आत्या गेली दहा वर्षं "वाया गेली" म्हणतायत ती अशी कामाला आली. काम दोघांचं सारखंच असतं, खांद्यावरचा पॅच तेवढा वेगळा, पण आत्यांना फोटो पाठवलाय.

नोकरीचं प्रकरण मला जास्त जड गेलं असतं. न्यू जर्सीत पॅरामेडिक हॉस्पिटलचे असतात, दोघं पॅरामेडिक एका गाडीत, पेशंटला न्यायला ईएमटींची वेगळी ॲम्ब्युलन्स येते, आणि फोनवर मेडिकल कमांडचा डॉक्टर. मी त्याच हिशोबाने हॉस्पिटलांच्या साइट्स धुंडाळत बसले होते. तुम्ही हसलात आधी. मग म्हणालात की इथे बऱ्याच शहरांत ॲम्ब्युलन्स फायर डिपार्टमेंटची, तिथे पाइप ओढायचीही तयारी पाहिजे, फायरफायटरचं सर्टिफिकेट वेगळं. पण ऑस्टिनच्या आजूबाजूला फायरपासून वेगळी ईएमएस आहे, ट्रॅव्हिस काउंटीत आहे, विल्यमसनमध्ये आहे, तिथे बघ. एवढं एक वाक्य मला कुठल्या जॉब साइटवर मिळालं नसतं. मधल्या काळात एका प्रायव्हेट कंपनीने मला जवळपास पटवलं होतं, साइन-ऑन बोनस केवढा तरी, मी नवऱ्याला सांगूनही टाकलं. तुम्ही ऑफर लेटर मागवून घेतलंत आणि तिसऱ्या पानावरची ओळ वाचून दाखवलीत, दोन वर्षांच्या आत सोडलं तर सगळा बोनस परत. आणि काम काय, तर डायलिसिसच्या पेशंटना ने-आण. त्या कामात कमीपणा आहे असं नाही, ती माणसंही आजारीच असतात, पण माझा हातचा सराव त्यात सुटून गेला असता हे तुमचं म्हणणं बरोबर होतं.

आणि ते संध्याकाळचे फोन! इथे गाडीवर बऱ्याचदा एक पॅरामेडिक आणि एक ईएमटी, म्हणजे निर्णय घेणारी मी एकटी, ही माझी खरी भीती होती, ती मी तुम्हाला बोलले नव्हते तरी तुम्ही ओळखलीत. कुकरच्या शिट्ट्या मागे चालू आणि तुम्ही केस टाकताय. "अठ्ठावन्न वर्षांचा ट्रक ड्रायव्हर, छातीत दुखतंय, घाम, बीपी शंभरच्या खाली आलंय, ट्वेल्व्ह लीड ईसीजी लावलास, टू, थ्री, एव्हीएफमध्ये एसटी वर. बोल." (म्हणजे हार्ट अटॅकची खूण.) मी म्हटलं ॲस्पिरिन, नायट्रो (हे बीपी खाली आणतं)... "नायट्रो? एवढ्या बीपीवर? हृदयाची उजवी बाजू बघितलीस का? व्ही फोर आर लीड कोण लावणार, तुझा नवरा?" तसं लावायचं असतं हे मला पाठ होतं, पण माझ्या मागे डॉक्टरचा फोन असायची सवय होती ना, ती तुम्ही असं ओरडून ओरडून घालवलीत. क्रेडेन्शियलिंगच्या (त्या डॉक्टरने हो म्हणायच्या) इंटरव्ह्यूला मेडिकल डायरेक्टरने जी केस दिली ती हीच नव्हती, पण उजवी बाजू विचारली त्यांनी, आणि माझ्या तोंडून उत्तर आधी मराठीतच येणार होतं.

आता फील्ड ट्रेनिंग चालू आहे, ट्रेनिंग ऑफिसर कडक आहे पण तुमच्यापुढे काहीच नाही. उन्हाळ्यातली गरमी आणि अंतरं, ह्या दोन गोष्टी मात्र तुम्ही कमी करून सांगितल्या होत्या. हॉस्पिटल पोचेपर्यंत एडिसनहून न्यूयॉर्क गाठलं असतं असं वाटतं कधीकधी.

तुम्ही पैसे घेणार नाही, साडी चालणार नाही, हे काकूंनी आधीच बजावलंय. चकल्या चालतील असं कळलंय, दिवाळीच्या आसपास तुमच्याकडे यायचा विचार आहे, तेव्हा तुमच्या शिफ्टचं कॅलेंडर पाठवा.

आणि एक काम आहे. डेन्व्हरची एक मुलगी आहे, नाशिकची, पॅरामेडिकच आहे, मार्चनंतर ह्यूस्टनला येतेय. कोलोरॅडो कॉम्पॅक्टमध्ये आहे पण घर बदलतेयस म्हणजे टेक्सासचं कार्ड काढच, आणि रजिस्ट्री आधी रिन्यू कर, एवढं मी तिला सांगितलंय. बरोबर सांगितलं ना? तिला तुमचा नंबर देऊ का?

तुमची,
राउंड रॉकहून, ती सर्दीवाली