'गावात नाही' असं लिहू नकोस

चि. अश्विनी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या आरोग्य-पाहणीत दर फेरीला तीच माणसं, तोच टेप, तोच बीपीचा पट्टा, तेच प्रश्न, आणि निष्कर्ष निघायचा पंधरा वर्षांनी; तोवर नुसती वजनंच घेत बसायचं का, असं विचारतेस. यावल-चोपड्याकडच्या गावांत आरोग्यसेवक म्हणून माझी नोकरी गेली, म्हणून चार गोष्टी लिहितो.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला आधीचं खाणंपिणं विचारलं, तर तो आठवतं ते सांगत नाही, त्याला जे कारण वाटतं ते सांगतो. कोणी तंबाखूला बोल लावतो, कोणी भावकीच्या भांडणाला. म्हणून माणूस धडधाकट असतानाच मोजून ठेवायचं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला १९४८ साली हेच सुरू झालं. ५,२०९ बाया-माणसं, दर दोन वर्षांनी तपासणी. वयाबरोबर बीपी वाढणारच, असं तेव्हा भलेभले डॉक्टर मानायचे. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचं हृदयविकाराशी नातं त्या नोंदींतून उलगडत गेलं. १९७१ पासून त्यांची मुलं घेतली, २००२ पासून नातवंडं. मात्र ती पहिली माणसं जवळपास सगळी गोरी, त्यांचं गणित आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही.

आपल्याकडचं बघायचं तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा खेड्यांत सुरू केलेलं काम बघ. दिवस जाण्याआधीपासून बायांच्या नोंदी! बाळं जन्मली सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची साडेतीनच्या आसपास. आपली बाळं बारीक, तरी कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून. मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं, की गरोदरपणी ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं (दोन्ही जीवनसत्त्वंच), त्यांच्या मुलांचं शरीर रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं. एका फेरीत हे कोणाला दिसलं असतं?

आता मला खटकलं ते. बरेच जण घरी नव्हते, 'गावात नाही' लिहून पुढे गेलो, असं लिहिलंयस. असं करू नकोस, बेटा. गावात कोण नसतं? ऊसतोडीला गुजरातेत गेलेला, सुरतेला कामाला लागलेला, लग्न होऊन सासरी गेलेली. म्हणजे ज्यांचं खाणं, झोप, अंगमेहनत बदलली, नेमके तेच. जागेवरच्यांचीच मापं पुढे सरकली तर आख्खं गाव आहे त्याहून निरोगी दिसेल किंवा आजारी दिसेल, आणि यातलं कोणतं झालं तेही कळणार नाही. वारलेल्याचीही नोंद हवी. घरच्यांजवळ बस, काय होत होतं ते विचार, घाई करू नकोस.

सासरी गेलेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात. तेव्हा रजा टाकू नकोस (आमरसाचे दिवस असतात, रक्तातली साखर उपाशीपोटीच तपास). सुरतवाले दिवाळीला आणि लग्नसराईत सापडतात. केळीची कटाई चालू असली की पुरुष पहाटेच बाहेर पडतात, तिथे संध्याकाळी जा. प्रत्येकाचे दोन फोन नंबर घे, दुसरा भावाचा किंवा शेजाऱ्याचा.

बीपी आधी पाच मिनिटं टेकून बसवून घे, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ दे. थकलेला माणूस सगळ्यांना १३०/८० लिहून मोकळा होतो. १३४ आलं तर १३४च लिही.

मिठाचा तुमचा प्रश्न मात्र शहरात बसून काढलेला दिसतो. 'रोज किती चमचे?' अगं, आपल्याकडे मीठ बिबड्यांत, पापडांत, लोणच्यात, शेवभाजीच्या शेवेत. ते चमच्यात कोणती बाई सांगणार? तुझ्या मॅडमना सांग. फक्त जुना प्रश्न बदलू नका, नवा खाली जोडा, नाहीतर मागच्या फेरीशी ताळा बसायचा नाही. तेलाचं तर बोलायलाच नको. तर्रीशिवाय भाजी वाढली तर पाहुणा जन्मभर नावं ठेवील.

वजनकाट्याचं विचारलंस. तो सारवलेल्या जमिनीवर ठेवू नकोस, फरशी नाहीतर सपाट फळी बघ. निघण्याआधी रोज ठरलेलं वजन ठेवून तपास, आणि फरक आला तर त्या दिवशी दुसरा काटा ने.

तुझे,
नाना